डावा गाल

आठवड्याच्या सुट्टीला त्या सलूनचं शटर सकाळी अर्धंच वर असायचं. रस्त्यावरून फक्त पाय दिसायचे. एक जोडी खुर्चीच्या पायरीवर टेकलेली, दुसरी तिच्याभोवती फिरणारी. एखादं नवखं गिऱ्हाईक वाकून विचारायचं, "चालू आहे का हो?" आतून दोन आवाज एकदम यायचे, "बंद आहे!" आणि मागोमाग हसू.

दुकान बंदच असायचं. आठवडाभर गावाच्या दाढ्या करणारे दोघे त्या सकाळी एकमेकांची दाढी करत.

दुकानात खुर्च्या दोनच. एक खिडकीपाशी, एक दारापाशी. त्यावरून गिऱ्हाइकांनी दोघांचं बारसं केलं होतं. खिडकीमास्तर उंच, अबोल. दारमास्तर बुटके, आणि त्यांची जीभ कात्रीपेक्षा जलद. खिडकीमास्तरांकडे लोक दाढीला यायचे आणि दारमास्तरांकडे गप्पांना, असं म्हणायची पद्धत होती. पण दाढी दोघांचीही सारखीच. शेवटी गालावरून हात फिरवला की काचेवरून फिरवल्यासारखा वाटायचा.

दोघे एकाच उस्तादांच्या हाताखाली शिकले. उस्ताद आधी फुग्याला साबणाचा फेस फासून द्यायचे आणि म्हणायचे, "करा दाढी." फुगा फुटला की मान हलवायचे, "गेला बिचारा. पुढच्याला बोलवा." महिनाभर फुगे फुटले. फुटायचे थांबले तेव्हा उस्तादांनी दोघांना समोरासमोर बसवलं. "आता एकमेकांची. ज्याला स्वतःची मान दुसऱ्याच्या वस्तऱ्याखाली देता येत नाही, त्यानं परक्याच्या मानेला वस्तरा लावू नये." त्या दिवशी दारमास्तरांनी पाटी-पेन्सिलच्या वयानंतर पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं.

तेव्हापासून हा नेम. मध्ये उस्ताद गेले, दुकान दोघांचं झालं, आरसे बदलले, रेडिओ जाऊन टीव्ही आला. नेम राहिला. खिडकीमास्तरांच्या लग्नाच्या सकाळीही तो पाळला गेला. नवरी म्हणजे दारमास्तरांची धाकटी बहीण. वस्तरा नेमका गळ्यावर असताना दारमास्तर म्हणाले होते, "एक सांगू का? तिला रडवलंस तर परत याच खुर्चीत बसायचं आहे तुला." नवरदेव हसूही शकला नव्हता.

नातं जोडलं गेलं तरी 'अरे-तुरे' तसंच राहिलं. फक्त दारमास्तर रागावले की 'जावईबापू' म्हणायचे आणि 'तुम्ही' वर यायचे. घरात त्या एका शब्दावरून मास्तरीणबाईंना, म्हणजे खिडकीमास्तरांच्या बायकोला, दुकानातलं हवामान कळायचं.

खिडकीमास्तरांना दुखणं आलं ते तोंड धुताना. साधं पाणी डाव्या गालाला लागलं आणि तापलेली सुई कुणी हिरडीतून थेट डोळ्यापर्यंत ओढावी तसं झालं. क्षणभरच. मग काहीच नाही. ते मोरीची कड धरून उभे राहिले. वाटलं, दाढ किडली.

दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढली. थोडे दिवस बरे गेले. मग पुन्हा तेच. शेजारची काढली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी आरसा आत घालून बराच वेळ बघितलं आणि हातातलं हत्यार खाली ठेवलं.

"मास्तर, हा दात धडधाकट आहे. खरं सांगायचं तर मागचे दोनही धडधाकटच असावेत. हे काम माझं नाही. नसांच्या डॉक्टरांना दाखवा. मेंदूचे असतात ना, ते."

मेंदू हा शब्द ऐकून खिडकीमास्तर तडक घरी आले. बायकोला सांगितलं, "हिरडी सुजली आहे. वेळ लागेल म्हणाले."

त्यांनी वेळ लावला. पंखा लागला की गालात दुखण्याची वीज यायची, म्हणून खिडकीच्या खुर्चीवरचा पंखा बंद झाला. गिऱ्हाइकं घामानं भिजून कुरकुरायची. वारा लागला की यायची, म्हणून भर उन्हात गालाला मफलर आला. चावलं की यायची, म्हणून जेवण पातळ झालं आणि उजव्या बाजूला सरकलं. बोललं की यायची. ती एक अडचण कुणाच्या लक्षात आली नाही, कारण ते आधीच कमी बोलायचे.

कुणाला सांगावं असं त्यांना वाटलं नाही असं नाही. पण काय सांगायचं? लोकांच्या गळ्यावर वस्तरा धरणाऱ्याच्या अंगातून न सांगता वीज जाते, हे कळल्यावर खुर्चीत कोण बसणार? दारमास्तरच सगळ्यात आधी हातातून वस्तरा काढून घेतील. घेतलाच पाहिजे. मग खिडकीमास्तरांकडे काय उरणार? खिडकी.

आणि मग ती सुट्टीची सकाळ आली.

"बस," दारमास्तर कापड झटकत म्हणाले.

"आज नको. दाढी ठेवतोय."

"दाढी? तू? संन्यास घेतोस की काय? मग माझ्या बहिणीचं काय करायचं?"

"बघू तर कशी दिसते."

"कशी दिसणार! फाटक्या गादीतून कापूस बाहेर यावा तशी."

दोघे हसले. खिडकीमास्तर उजव्या बाजूनं हसले. पुढच्या सुट्टीलाही ते म्हणाले, "आज नको." त्याच्या पुढच्या सुट्टीला दारमास्तरांनी विचारलंच नाही. ब्रश धुऊन उलटा ठेवला.

"तू बस ना," खिडकीमास्तर म्हणाले. "तुझी करतो."

"नको. एकतर्फी कशाला?"

आणि दारमास्तरांनी शटर पूर्ण वर केलं. सुट्टीच्या दिवशी ते शटर तेवढं वर गेलेलं गल्लीनं आधी कधी बघितलं नव्हतं.

दुकानात 'जावईबापू' सुरू झालं. "जावईबापू, तुमची कात्री इकडे आली आहे." "जावईबापू, पाणी भरून ठेवलंय तुमचं." आणि आणखी एक नवीन गोष्ट. दाढीचं गिऱ्हाईक आलं की दारमास्तर बसल्या जागेवरून हात करायचे, "दाढी? खिडकीकडे बसा." स्वतः फक्त केस कापायचे. वस्तऱ्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा खिळ्यावर नुसता लोंबत राहिला. खिडकीमास्तर मनात धुमसत होते. जीव मुठीत धरून एकेक दाढी ओढतोय मी, आणि हा सगळ्या माझ्याच गळ्यात मारतो. पण विचारायला तोंड उघडावं लागलं असतं. ते मूग गिळून राहिले.

गिऱ्हाइकांना काय, तमाशा फुकटचा. "न्हाव्याचीच दाढी वाढली," एक जण म्हणाला, "म्हणजे दिव्याखाली अंधार का काय म्हणतात तो." दुसरा म्हणाला, "अंधार नाही हो, गवत आहे."

एका दुपारी एक निवृत्त पोस्टमन खुर्चीत होते. वडिलांचं घर विकावं लागलं ती गोष्ट सांगत होते. खिडकीमास्तरांचा वस्तरा त्यांच्या गळ्याच्या घाटीवर होता. रोज वीज यायच्या आधी ओठाच्या कोपऱ्यात किंचित फडफडायचं. तेवढ्यात ते हात उचलायचे, वस्तरा पुसल्यासारखं करायचे. त्या दिवशी काही फडफडलं नाही. वीज सरळ आली. त्यांचा हात दगडासारखा थांबला. वस्तरा तसूभर हलला नाही. पण डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

पोस्टमननी आरशात ते बघितलं. "मास्तर," ते म्हणाले, "माझ्या सख्ख्या भावाला नाही हो एवढं वाईट वाटलं." संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, खिडकीमास्तर किती हळवे! दोन बायका नवऱ्यांना मुद्दाम त्यांच्याकडे पाठवायला लागल्या.

खिडकीमास्तरांनी मात्र पोस्टमन उठल्यावर त्या दिवसापुरता वस्तरा मिटून ठेवला. घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. दाढा, मेंदू, वीज, पोस्टमन. मास्तरीणबाईंनी ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "हिरडी सुजली म्हणे."

नसांच्या डॉक्टरांची वेळ मिळायला बरेच आठवडे गेले. दुखणं मुंगीच्या पावलांनी जातं हे ऐकून होते. डॉक्टरही त्याच पावलांनी भेटतो, हे त्यांना नवीन होतं.

मोठ्या दवाखान्याचा लांब बोळ. भिंतीला टेकून प्लास्टिकच्या खुर्च्या. कुणाचा हात झोळीत, कुणाचा पाय फरपटणारा. खिडकीमास्तर सवयीनं लोकांच्या माना बघत होते. कुणाचे कल्ले वरखाली कापले आहेत, कुणाच्या मानेवर मशीनचा चट्टा आहे. वर पंखा होता. बायकोनं न सांगता जागा बदलून घेतली. डाव्या बाजूला ती बसली, वारा अडवत.

"एक सांगायचंय," ती म्हणाली. "दादानं शपथ घातली होती. मोडते."

"काय?"

"तो दुकान सोडतोय. महिनाअखेर. बाजारात एका ओळखीच्याकडे गल्ल्यावर बसणार आहे."

"का? मी काय केलं त्याला?"

"तेच विचारलं मी. म्हणाला, ज्याच्या मानेवर एवढी वर्षं वस्तरा फिरवला, तोच आता मान देत नाही. मग मी परक्याच्या मानेला कुठल्या तोंडानं हात लावू?"

खिडकीमास्तरांना काही समजेना.

"हात थरथरतो ना त्याचा हल्ली," ती म्हणाली. "त्यानं तुम्हाला कापलं होतं म्हणे. जबड्यापाशी. त्यानंतर तुम्ही बसायचे बंद झालात."

कापलं होतं? मग आठवलं. रक्ताचा एक थेंब. तुरटी लावली होती. दोघे हसले होते. दारमास्तरांचं हसू आधी थांबलं होतं का? त्यांनी बघितलंच नव्हतं. तो थेंब ते केव्हाच विसरले होते. आणि इकडे एका माणसानं त्या थेंबापायी वस्तरा खाली ठेवला होता. गिऱ्हाइकं त्यानं आपल्या गळ्यात मारली नव्हती. गिऱ्हाइकांचे गळे त्यानं आपल्यापासून वाचवले होते.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला काय सांगितलं होतंत? हिरडी!"

तेवढ्यात आतून हाक आली.

डॉक्टर तरुण बाई होत्या. घाई नसल्यासारख्या बसल्या होत्या. त्यांनी आधी फक्त विचारलं. केव्हापासून, कुठून कुठपर्यंत, किती वेळ. मग एक एक गोष्ट.

"वारा लागल्यावर येते?"

"येते."

"चावताना? बोलताना?"

"येते."

"तोंड धुताना, दात घासताना?"

"येते."

"दाढी करताना?"

खिडकीमास्तरांचा हात दाढीकडे गेला आणि वाटेतच थांबला. डोळे भरून आले. डॉक्टरांनी कागदी रुमाल पुढे केला. तो त्यांनी उजव्या हातानं, उजव्याच डोळ्याला लावला.

"हे न्हावी आहेत," मास्तरीणबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांच्या दाढीकडे बघितलं आणि मग हळूच मान हलवली. कापसाचा बोळा घेऊन त्यांनी गाल दोन्ही बाजूंनी तपासला. डावीकडे नेताना आधी विचारलं. खिडकीमास्तरांना ते फार आवडलं. ब्रश लावताना ते स्वतः असंच विचारायचे, "लावू?"

चेहऱ्याला जाणारी एक मोठी नस असते, डॉक्टरांनी सांगितलं. मेंदूपाशी तिला शेजारची रक्तवाहिनी घासत राहिली की नसेचं आवरण झिजतं. वायरवरचं रबर निघाल्यासारखं. मग साधा स्पर्शही विजेसारखा लागतो. आतला फोटो काढू. रक्त तपासू. गोळ्या सुरू करू, थोड्यापासून वाढवत नेऊ. बहुतेकांना आराम पडतो. नाही पडला तर शस्त्रक्रिया आहे, ती पुढची गोष्ट. अंगावर पुरळ आलं तर लगेच यायचं. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत.

"म्हणजे हे खरंच आहे?" खिडकीमास्तरांनी विचारलं. "दातात नव्हतं, तेव्हा वाटलं, डोक्यातच आहे. म्हणजे, मनात."

"खरं आहे. अगदी खरं. फार वाईट दुखणं आहे हे, आणि तुम्ही ते अंगावर काढलंत."

त्यांना कितीतरी महिन्यांत एवढं हलकं वाटलं नव्हतं. दुखणं तेवढंच होतं. पण त्याला आता कारण होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला माहीत होतं.

"एक मात्र," डॉक्टर म्हणाल्या. "सुरुवातीला गोळ्यांनी गुंगी येते, तोल जातो, हात जड होतो. अंगाला सवय होईपर्यंत धारेचं काम बंद. मी सांगेन तेव्हा पुन्हा."

"दुकानात दुसरं कुणी आहे ना दाढी करायला?" त्यांनीच पुढे विचारलं.

"आहे," खिडकीमास्तर म्हणाले. मग थांबले. "होता."

सुट्टीच्या सकाळी ते गेले तेव्हा शटर अर्धंच वर होतं. वाकून आत शिरले. दारमास्तर आपलं सामान बांधत होते. कात्र्या फडक्यात गुंडाळलेल्या. कंगवे डब्यात.

"या, जावईबापू. पट्टा तेवढा तुमच्याकडे राहू द्या. मला काय करायचाय."

खिडकीमास्तर दारापाशी गेले आणि दाराच्या खुर्चीत बसले. मफलर काढून मांडीवर ठेवला.

"कापड टाक."

"कशाला?"

"दाढी करायची आहे."

"दाढी खिडकीकडे होते."

"खिडकी बंद आहे. डॉक्टरनं केली."

मग सांगितलं. अधूनमधून थांबून, गाल धरून, पण सगळं. दारमास्तरांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. उस्तादांच्या त्या दिवसानंतर ही दुसरी वेळ.

"म्हणजे दोन दाढा गेल्या," शेवटी ते म्हणाले.

"गेल्या."

"चांगल्या?"

"चांगल्या."

"अरे गाढवा, मला सांगायचंस. मी फुकट उपटल्या असत्या."

ते हसायला लागले. हसता हसता स्टुलावर बसले. फडक्यानं डोळे पुसले, आणि ते फडकं कात्र्यांचं होतं, म्हणून सगळ्या कात्र्या खळखळ जमिनीवर पडल्या. त्या तशाच राहिल्या.

"मला वाटलं, माझा हात..."

"तुझा हात थरथरतोच."

दारमास्तरांनी मान खाली घातली. "थरथरतो."

"उस्तादांचा थरथरायचा नाही? शेवटी शेवटी तर ब्रश हवेत पंख्यासारखा फिरायचा."

"गालाला टेकला की थांबायचा."

"मग तुझा थांबतो का ते बघू. कापलंस तर तुरटी आहे. फक्त उजवी बाजू. डावीकडे नको, अजून नको."

पट्टा खिळ्यावरून खाली आला. वस्तरा त्यावर दोन अंगांनी फिरला. तो आवाज ऐकून खिडकीमास्तरांचे खांदे आपोआप खाली आले. उजव्या गालाला कोमट फेस लागला. आरशात त्यांना दिसलं, वस्तरा हवेत थरथरत येत होता. त्यांनी डोळे मिटले.

पातं गालाला टेकलं आणि थांबलं. मग सरळ खाली उतरलं. एका रेषेत, पूर्वीसारखं.

हनुवटीच्या बरोबर मध्यावर दारमास्तर थांबले. कड नीट आखली, बाग आखावी तशी. "इथून पुढे तुझ्या डॉक्टरबाईंची हद्द."

तुरटी फिरली. खिडकीमास्तर सवयीनं उठले, खुर्ची फिरवली, कापड झटकलं. "बस. आता तुझी." आणि मग आठवलं. हात तसाच राहिला.

दारमास्तरांनी आपल्या हनुवटीवरून हात फिरवला. "म्हणजे माझीही वाढणार म्हण. झालं! एक अर्धा आणि एक पूर्ण. सलून आहे की साधूंचा मठ?"

"दुसऱ्याकडून करून घे."

"दुसऱ्याकडून?" दारमास्तर असे बघायला लागले, जणू कुणी त्यांना दुसरी आई करून घे म्हणालं होतं.

पुढचे काही आठवडे गल्लीनं मनसोक्त हसून घेतलं. दाढ्या सगळ्या दारापाशी होत होत्या, आणि करणाऱ्याच्या गालावर जंगल. खिडकीमास्तर गोळ्यांनी पेंगुळलेले, अर्धा चेहरा गुळगुळीत, टॉवेल वाळत घालायचे, पाणी भरायचे, केस झाडायचे. पोस्टमन एकदा न्याहाळून म्हणाले, "हा नमुना आहे का? आधी आणि नंतर?" दारमास्तर म्हणाले, "नाही हो, अर्ध्या पैशात एवढीच करतो आम्ही." 'जावईबापू' कुणाला ऐकू आलं नाही.

गोळ्या वाढल्या, मग एका जागी थांबल्या. गुंगी उतरली. वीज कमी झाली, मग तुरळक. पूर्ण जाईलच असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, आणि खिडकीमास्तरांनी विचारलंही नव्हतं.

अशाच एका सुट्टीच्या सकाळी ते दुकानात आले आणि आधी पंख्याचं बटण दाबलं. खुर्चीत बसले. वारा डाव्या गालाला लागला. ते वाट बघत राहिले. दारमास्तरही श्वास रोखून उभे होते. पंखा फिरत होता, एवढंच.

"लावू?" दारमास्तरांनी विचारलं. ब्रश हवेत होता, थरथरत.

खिडकीमास्तरांनी मान हलवली.

बाहेर कुणी तरी वाकलं. "चालू आहे का हो?"

"बंद आहे!" दारमास्तर ओरडले. त्यांचा एकट्याचाच आवाज आला. दुसरा बोलत नव्हता. त्याच्या डाव्या गालावर फेस होता, आणि तो अगदी स्थिर बसला होता.